चार वर्षांनंतरचा हात

यंत्राने पुणं सांगितलं आणि साळुंख्यांच्या घरात पेढे आले. ज्या मुलीसाठी आले, तिच्या घशाखाली मात्र पेढा काही उतरेना.

शाल्मलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक पुण्याची 'परिमाण' संस्था. संग्रहालयं, प्रदर्शनं, नाटकांचे सेट अशा जागा कशा रचायच्या हे तिथे शिकवत. दुसरी भोपाळची 'लिपिका', लहानशी, फारशी कुणाला माहीत नसलेली. तिथे अक्षरं घडवायला शिकवत. सोमवारी संध्याकाळपर्यंत दोघींपैकी एकीला होकार कळवायचा होता, आणि दुसरीचं दार बंद होणार होतं. शाल्मलीला लहानपणापासून अक्षरांचं वेड. सांगलीच्या गणपती पेठेतून जाताना एखाद्या जुन्या दुकानाची पाटी दिसली की ती भर रहदारीत स्कूटर थांबवायची आणि मागच्यांच्या शिव्या खायची. एवढं असूनही भोपाळ म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. तिच्या वडिलांची तर ती अजिबातच होत नव्हती.

तिचे पप्पा, रणजित साळुंखे, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांना त्या लाइनला घातलं त्यांच्या वडिलांनी, आणि त्याचं खापर ते आजतागायत भिंतीवरच्या फोटोतल्या त्या माणसावर फोडत आले होते. धरणाच्या कामावर ऊन लागलं की फोटोशी भांडण, बदली झाली की फोटोशी भांडण. त्यामुळे मुलीच्या बाबतीत त्यांनी आधीच हात झटकले होते. "मी सांगणार नाही. उद्या माझा फोटो लागला की तू त्याच्याशी भांडशील," असं ते म्हणाले, आणि करवेध नावाच्या यंत्राची जाहिरात घेऊन आले. त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की या घरात करवेध म्हणेल तसं होईल, आपण कुणाच्या आड येणार नाही, हा आपला शब्द आहे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं होतं, की जणू मुलीचं लग्नच उरकलं.

करवेधाचं तत्त्व तसं सोपं होतं. हात हलवायचा हुकूम मेंदूकडून स्नायूंना पोचतो तो विजेच्या अतिशय क्षीण लहरींच्या रूपात. मनगटावर पट्टा बांधला की त्यातले संवेदक त्या लहरी टिपतात. बोट हललं नाही, नुसतं हलायचं मनात आलं, तरी ते त्यांना कळतं. काही आठवडे पट्टा घालून नेहमीचं आयुष्य जगायचं. जेवणं, वेणी घालणं, फोनवर अंगठा फिरवणं ही सवयीची कामं यंत्र गाळून टाकतं. त्याला रस असतो तो हात काहीतरी अवघड करताना अडतो त्या क्षणांत. चूक झाल्यावर तो कसा सावरतो, पुढच्या खेपेला कितपत कमी चुकतो आणि कुठल्या कामाचा त्याला कंटाळाच येत नाही, हे ते पाहतं.

एकदा शिकण्याचा हा वेग हाती आला की पुढचं काम गणिताचं. वेगवेगळ्या संस्थांतल्या हजारो विद्यार्थ्यांचे हात शिक्षणाने कसे घडत गेले, याची माहिती यंत्राकडे होती. तिच्याशी ताडून ते सांगे, की अमुक संस्थेत गेल्यावर चार वर्षांनी हा हात काय करू शकेल. नुसतं सांगत नसे, करूनही दाखवत असे. करवेधाच्या केंद्रात एक यांत्रिक हात होता. विद्यार्थ्याचा चार वर्षांनंतरचा हात त्यात उतरवून त्याच्याकडून एखादं काम करून घेता येई.

शाल्मलीच्या अहवालात लिहिलं होतं, 'जागेची व वस्तूंच्या मांडणीची जाण असामान्य. चिकाटी असामान्य. अक्षरकाम: विशेष कल आढळला नाही. शिफारस: परिमाण, पुणे.'

वाचता वाचता तिच्या मनात पाल चुकचुकली. अक्षरकामाचा कल यंत्राला आढळला नाही, याचं कारण तिला ठाऊक होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. कागद पुढे ओढला की ती पट्टा काढून ठेवायची. घामाने चुरचुरतो, असं स्वतःला सांगायची आणि बाहेरच्या खोलीतल्या पितळी ताटलीत तो टाकून द्यायची. म्हणजे तिचं अक्षरकाम यंत्राने पाहिलंच नव्हतं. ते ठीक. पण मग ही असामान्य जाण कुठून आली? तिने जन्मात कधी पुठ्ठ्याचं घर केलं नव्हतं. शाळेतला ज्वालामुखीसुद्धा आईने करून दिला होता. पट्टा हातात असताना तिने केलं काय, तर जेवण, स्कूटर आणि फोन. एवढ्यावर असामान्य ठरायचं म्हणजे कुणीतरी हा अहवाल शिजवला होता.

आणि संशयाचं असं असतं, की तो एकदा घरात शिरला की प्रत्येक खुर्चीवर बसून बघतो.

पहिल्यांदा तो बसला वाळवेकर मॅडमवर. त्या करवेध केंद्राच्या चालक, विश्रामबागेतल्या. त्यांच्या केबिनमध्ये 'परिमाण'चं हे मोठं पोस्टर होतं. 'लिपिका'चं साधं पत्रकही नव्हतं. शाल्मलीने आपल्या क्लासमधल्या निलोफर मुजावरला फोन केला, तर तिलाही करवेधाने 'परिमाण'च सांगितलेलं. दोघींनी मिळून मॅडमचं पुण्याच्या संस्थेशी साटंलोटं असणार असा निष्कर्ष काढला. निलोफरला तो निष्कर्ष फार आवडला, पण तिला जायचं पुण्यालाच होतं, म्हणून ती लगेच विसरलीही.

मग संशय पप्पांवर गेला. अहवाल यायच्या आधी पप्पा गॅलरीत उभं राहून कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होते. एरवी ते फोनवर बोलले की खालच्या मजल्यावरचे लोक उत्तर देत. शाल्मली बाहेर आली तशी त्यांनी "ठीक आहे मॅडम, बघू" म्हणत फोन ठेवला आणि उगाच कुंडीतल्या मोगऱ्याची चौकशी सुरू केली. पुणं जवळ, भोपाळ लांब. मुलगी शनिवार-रविवार घरी येईल. आड येणार नाही म्हणणारा माणूस यंत्राच्या आडून आपलंच घोडं दामटत होता की काय?

राहता राहिली आई. आईवर संशय घेणं शाल्मलीला जड गेलं, कारण आई ही संशय घेण्यासारखी बाई नव्हतीच. वृषाली साळुंखे दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायच्या, आलेल्याला "बसा, डॉक्टर बोलावतील" म्हणायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांची रुखवतं करायच्या. लग्नात मुलीकडून जे सजवलेलं रुखवत मांडतात, ते नात्यातल्या कुणाही मुलीचं असो, करायचं वृषालीनेच, असा अलिखित नियम होता. नुकतंच त्यांनी भाचीच्या लग्नात अख्खा आठवडी बाजार मांडला होता. सुपाऱ्यांची माणसं, चारोळ्यांचे ढीग, हळदीचं टीचभर दुकान. मांडवात लोकांनी फोटो काढले, जेवले आणि गेले. कुणी केलंय हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पण अहवाल आल्यापासून आई नजर चुकवत होती. पेढ्यांचा पुडाही तिने मागे मागे राहून फोडला. पदराखालून तिचं उजवं मनगट दिसलं, तेव्हा त्यावर तीन लाल ठिपके ओळीने उठलेले होते. शाल्मलीने विचारलं तर म्हणाली, तेल उडलं. तेल असं शिस्तीत रांग लावून उडतं हे शाल्मलीला नवीन होतं. दोघांनी मिळून आपल्याला पुण्याला धाडायचं ठरवलंय आणि आईला खोटं बोलणं जमत नाहीये, असा तिने त्याचा अर्थ लावला. त्या रात्री ती आईशी धड बोललीही नाही, आणि याचं तिला पुढे फार वाईट वाटायचं होतं.

शनिवारी सकाळी ती तडक केंद्रावर गेली.

वाळवेकर मॅडम चहा पीत होत्या. शाल्मलीने मनातलं सगळं बोलून टाकलं, पोस्टरपासून फोनपर्यंत. मॅडमनी कप खाली ठेवला, पण त्या चिडल्या नाहीत. पोस्टर पुण्याच्या लोकांनी पाठवलं म्हणून लावलं, भोपाळवाल्यांनी पाठवलं तर तेही लावीन, असं त्यांनी सांगितलं. फोनचं विचारल्यावर त्या हसल्या.

"तुझे वडील विचारत होते, पन्नाशीतल्या माणसाला हा पट्टा चालतो का. लाजत होते बिचारे. मी म्हटलं, साहेब, हात आहे ना? मग वयाचं काय घेऊन बसलात."

एक संशय असा हातातून निसटला की माणसाला जरा उघडं पडल्यासारखं वाटतं. तरी शाल्मलीने हट्ट सोडला नाही. असामान्य म्हणता ना, मग तो असामान्य हात मला दाखवा, असं ती म्हणाली.

मॅडम तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर राखाडी रंगाचा यांत्रिक हात होता, कोपरापर्यंतच. त्यापुढे पुठ्ठा, कात्री, डिंक ठेवलेलं. 'परिमाण'च्या शेवटच्या वर्षाला देतात तसं काम मॅडमनी त्याला दिलं: लहान गावाच्या संग्रहालयातलं एक दालन.

हात क्षणभर थांबला आणि कामाला लागला. त्याने पुठ्ठा कापला, भिंती उभ्या केल्या, मधेच एक भिंत काढून तिरकी लावली. त्या टीचभर चौकोनात हळूहळू एक वळण तयार झालं, त्या वळणापुढे काय असेल ते बघावंसं वाटायला लागलं. शाल्मली राग विसरून वाकून बघत राहिली. हे खरंच सुंदर होतं. चार वर्षांनी आपण असं काही करू शकू, ही कल्पना तिला इतकी गोड वाटली, की क्षणभर तिने मनातल्या मनात पुण्याची बॅगसुद्धा भरली.

मग तिला ते दिसलं. प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी तो हात तुकड्याची कड टेबलावर हलकेच दोनदा टेकवत होता. टक टक, आणि मग चिकटवायचा. पुन्हा तुकडा, पुन्हा टक टक.

"हे असं का करतोय?" तिने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, यंत्राला तशी काही गरज नाही, पण ज्याचा हात त्याच्या लकबी त्यात उतरतात. "तूच करत असशील की. स्वतःची सवय स्वतःला कुठे कळते?"

शाल्मलीने तो आवाज ओळखला. सुपारी चिकटवण्याआधी तिच्यावरची भुकटी झडावी म्हणून जमिनीवर दोनदा टेकवणारा एकच हात तिला माहीत होता. लहानपणी ती त्या आवाजावर झोपी जायची. आणि मनगटावरचे ते तीन ठिपके. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तीन संवेदक असतात, हे तिला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

पट्टा माणूस ओळखतो का, असं तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, पहिल्या दिवशी नाव नोंदवतो, पुढे जिवंत मनगट आहे एवढंच बघतो. दुसऱ्याचा पट्टा कोण कशाला घालेल?

शाल्मलीने ते पुठ्ठ्याचं दालन मागून घेतलं, खोक्यात ठेवलं आणि स्कूटरवर पायांशी धरून घरी आली. वाटेत तिने एकाही पाटीकडे पाहिलं नाही.

दवाखाना अर्धा दिवस असल्याने आई घरीच होती, गवार मोडत बसलेली. शाल्मलीने खोकं टेबलावर ठेवलं.

"आई, माझा पट्टा तू घालत होतीस?"

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती म्हणाली, "खंड पडत होता गं."

तिने सगळं सांगितलं. ताटलीतला पट्टा लाल उघडझाप करायचा. घरच्या टॅबवर अक्षरं यायची, 'नोंदीत खंड पडत आहे.' शाल्मली दार लावून बसलेली, तिला उठवायचं कसं? आणि खंड पडला की सगळं केलेलं फुकट जातं, हे तर आईला पक्कं ठाऊक. शाल्मलीच्या दहावीच्या वर्षीच्या संकष्ट्या आईनेच तिच्या नावाने केल्या होत्या. तापात राहिलेले मार्गशीर्षातले गुरुवारही तिच्या वतीने पुरे केले होते. "तेव्हा चाललं की देवाला," ती म्हणाली. "मला वाटलं, यालाही चालेल. मनगटात असल्याशी कारण. मी आपली रुखवताचं काम करत बसायचे, तो आपला गप्प राहायचा." मग अहवाल आला, त्यात जागा आणि मांडणी असं काहीबाही वाचलं आणि आईला आपली चूक उमगली. पण पेढे आले होते, सगळे खूश होते, आणि तिला तोंड उघडायचा धीर झाला नाही.

शाल्मली चिडली. एवढ्या मोठ्या गोष्टीत असं कुणी करतं का, माझं आयुष्य म्हणजे संकष्टी आहे का, असं ती बरंच बोलली. आवाज ऐकून पप्पा बाहेर आले. त्यांना हकिगत कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी आधी खुर्ची शोधली. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला आणि त्यांनी उपाय काढला: दोन्ही संस्थांकडे मुदत मागू, पट्टा पुन्हा घाल, आणि या वेळी काढलास की कुलपातच ठेव.

आई मात्र शाल्मलीकडेच बघत होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पण तू पट्टा काढत का होतीस? आणि तोही नेमका चित्र काढायला बसलीस की?"

घाम, चुरचुर, सगळं शाल्मलीच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. आईने कबूल केल्यावर आपण खोटं कसं बोलायचं?

"भीती वाटायची," ती म्हणाली. "त्याने बघितलं, आणि म्हणाला काही खास नाही, तर?"

तिचे डोळे भरून आले. इतके दिवस ती मॅडमवर, पप्पांवर, आईवर पाळत ठेवून होती. जिच्यावर ठेवायची त्या स्वतःकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली. पट्टा पुन्हा घातला तरी काय होणार होतं? भोपाळ म्हणाला असता तर ती यंत्राच्या भरवशावर गेली असती आणि पहिल्या अपयशाला यंत्राला शिव्या दिल्या असत्या. फोटोऐवजी पट्टा, एवढाच फरक.

तिने फोन काढला, 'लिपिका'चं पान उघडलं आणि होकार कळवला. पप्पा अर्धवट उठले आणि परत बसले.

"आणि चुकलं तर?" त्यांनी विचारलं. धमकी नव्हती ती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तर माझं चुकेल, पप्पा. तुमच्या फोटोशी भांडायला येणार नाही."

पप्पांनी भिंतीवरच्या आपल्या वडिलांकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

एवढ्यात आईने खोकं उघडलं होतं. तिने ते दालन अलगद बाहेर काढलं, डोळ्यांच्या पातळीला धरलं आणि गवारीचा हात पदराला पुसून फिरवून फिरवून बघू लागली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. दवाखान्यात "बसा" म्हणणारी बाई कुठल्या कुठे गेली.

"हा दरवाजा चुकलाय," ती म्हणाली. "आत आलं की माणूस आधी भिंतच बघणार. पण हे वळण बघ. हे मला सुचलं नसतं. कुणी केलंय?"

"तू," शाल्मली म्हणाली. "म्हणजे, पुण्यात शिकलीस तर. चार वर्षांनी."

आईला ते लगेच उमगलं नाही. मग उमगलं. तिने दालन टेबलावर ठेवलं, ठेवताना नकळत त्याची कड दोनदा टेकवली, आणि आवाज ऐकून स्वतःच थबकली. मग टॅब जवळ ओढून अहवाल पुन्हा वाचायला घेतला. 'असामान्य' या शब्दावर तिचं बोट बराच वेळ थांबलं. इतक्या वर्षांत, इतक्या लग्नांत, हा शब्द तिला कुणी म्हटला नव्हता. तिच्या मुलीनेही नाही, आणि हे शाल्मलीला त्या क्षणी सुईसारखं टोचलं.

"अहो," आई पप्पांना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुम्ही शब्द दिला होता ना, या घरात करवेध म्हणेल तसं होईल म्हणून? कुणाच्या आड येणार नाही म्हणून?"

पप्पांचा चष्मा हातातच राहिला. "अगं वृषाली, पण ते..." त्यांनी सुरुवात केली. मग भिंतीवरचा फोटो, टेबलावरचं दालन आणि बायकोचा चेहरा असं सगळीकडे बघून झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दिला होता," ते म्हणाले.

शाल्मलीला एकदम स्फुरण चढलं. वयाची अट आहे का, परीक्षा द्यावी लागेल का, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, मॅडमना विचारू, 'परिमाण'ला विचारू, असं सगळं तिच्या डोक्यात एकदम घुसलं. तिने फोन उचलला.

"शनिवारचं ऑफिस चालू असेल. थांब, मी विचारते तुझ्या वतीने."

आईने उठून तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "माझं मी विचारीन."